पुण्याच्या घोरपडीत बसून ऑस्ट्रेलियातलं जुनं कामगार होस्टेल कसं शोधायचं

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातले बेघर लोक ऑस्ट्रेलियात कामाला गेले. त्यातले बरेच रेल्वेत लागले आणि रेल्वेच्या गावांत होस्टेलवर राहिले. त्यांचा माग काढायला पुण्याबाहेर पाऊल टाकावं लागत नाही. मी रेल्वेचा निवृत्त गार्ड, अर्धी नोकरी रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवरच्या कर्मचाऱ्यांच्या विश्रांतीच्या खोलीत, झोपून काढलेली, म्हणून मला याची गोडी.

आधी करार समजून घ्या. जुलै 1947 मध्ये ऑस्ट्रेलियाने आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेशी करार केला आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे 1,70,000 विस्थापित तिकडे पोचले. बदल्यात दोन वर्षं सरकार सांगेल तिथे काम. डॉक्टर असला तरी कागदावर मजूर! बरेच जण आधी बोनेगिलाच्या छावणीत उतरत. तिथून पुरुष कामावर, बायकामुलं अनेकदा लांबच्या दुसऱ्या छावणीत. त्यामुळे एकाच घरातल्यांचे कागद दोन गावांत सापडतात.

सुरुवात ट्रोव्हपासून करा. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची ही वेबसाइट, जुने पेपर फुकट. कॉपीराइटमुळे बहुतेक पेपर 1954 पर्यंतच आहेत, पण आपलं काम तेवढ्यात भागतं. इंग्रजीत गावाचं नाव, 'रेल्वे' आणि 'होस्टेल' टाका. जोडीला 'बाल्ट' (म्हणजे बाल्टिक देशांतला) आणि 'न्यू ऑस्ट्रेलियन' टाकून बघा, कारण तेव्हाचे पेपर या लोकांना असंच म्हणत. पोलिश माणूसही कित्येकदा 'बाल्ट'च.

आता खरी मेख. होस्टेल शोधत बसू नका, तक्रार शोधा. सगळं सुरळीत असेल तर पेपरवाला कशाला छापेल? आमच्या रनिंग रूमच्या तक्रारवहीत डाळ पातळ, चादर ओली, पंखा बंद असलं काहीबाही असायचं, पण ती वही चाळली की अख्खी खोली डोळ्यांपुढे यायची. तेव्हा 'फूड', 'ब्लँकेट', 'टेंट' असे शब्द एकेक करून जोडा. 'टॅरिफ' तर हवाच. राहण्याखाण्याच्या दराला तोच शब्द होता आणि त्यावरून भांडणं झाली. 'मटन'ही टाका. तिथे मेंढीचं मटन इतक्या वेळा ताटात यायचं की युरोपातली मंडळी वैतागली. आपल्याकडे रविवारची वाट बघतात! हात बसवायला जुलै 1952 च्या बोनेगिलाच्या बातम्या काढा: काम मिळत नाही म्हणून इटालियन भडकले होते.

ट्रोव्हवरचा यंत्राने वाचलेला मजकूर गचाळ असतो, मूळ छापील पान बघितल्याशिवाय काही टिपून घेऊ नका.

नाव हाती लागलं की ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं रेकॉर्डसर्च उघडा. नवरा कोवाल्स्की असेल तर बायको कोवाल्स्का असू शकते, दोन्ही टाका. पोलिश अक्षरांवरच्या रेघा-टिंबं सोडून द्या. फाइल स्कॅन झालेली असेल तर फुकट दिसते, नाहीतर पैसे भरून मागवावी लागते. म्हणून आधी जन्मतारीख जुळवा. ती जर्मनीतल्या आरोल्सन अर्काइव्हजच्या, म्हणजे नाझींचे बळी आणि विस्थापितांच्या कागदपत्रांच्या संग्रहाच्या, ऑनलाइन कागदांत बऱ्याचदा मिळते.

आणि पोलिश माणसाच्या आधीच्या पत्त्यात भारत दिसला, तर वळिवडे आठवा. कोल्हापूरजवळच्या त्या छावणीत 1943 पासून सुमारे 5,000 पोलिश निर्वासित होते, युद्धानंतर ते देशोदेशी पांगले. अशी फाइल दिसली तर पैसे भरून मागवाच.