व्हिडिओच्या ट्रान्सक्रिप्टमधून कोड आणि कमांड कशा काढायच्या, नवीन लोकांसाठी

प्रोग्रामिंग मी बरंचसं व्हिडिओ बघूनच शिकलो, आणि ट्रान्सक्रिप्ट (व्हिडिओतल्या बोलण्याचा लिहिलेला मजकूर) कॉपी करून त्यातून कोड काढायची सवय आपोआप लागली, त्यामुळे आता नवीन कोणी विचारलं की आधी एकच सांगतो, ट्रान्सक्रिप्टमध्ये कोड नसतोच. असतं ते बोलणं. शिकवणारा म्हणतो "आता हे इथे टाकू आणि हे असं बंद करू", बोटं भलतंच काहीतरी टाइप करत असतात आणि ते कुठेच लिहिलं जात नाही. त्यामुळे मी ट्रान्सक्रिप्ट अनुक्रमणिकेसारखी वापरतो, म्हणजे इन्स्टॉल, रन, टर्मिनल, एरर असे शब्द शोधायचे, शेजारची वेळ बघायची, तिथे व्हिडिओ थांबवायचा आणि खरी ओळ स्क्रीनवरून उतरवायची. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाची बटणं दाबली की एकेक फ्रेम मागेपुढे होते, हे खूप जणांना माहीतच नसतं. आणि हो, हे सगळं करायच्या आधी डिस्क्रिप्शन उघडून बघा राव, बऱ्याचदा गिटहबची (म्हणजे कोड ठेवायच्या साइटची) लिंक तिथेच असते आणि मग काही उतरवायची गरजच नाही.

ऑटो कॅप्शनची, म्हणजे मशीनने आपोआप लिहिलेल्या ट्रान्सक्रिप्टची, गंमत म्हणजे त्याला इंग्रजी येतं पण टर्मिनल येत नाही. साधनांची नावंच बघा, गिटचं गेट होतं, नमपायचे दोन तुकडे होतात, एनजिनएक्सचं इंजिन होतं, जेसॉनच्या जागी जेसन नावाचा कोणीतरी माणूस येतो. हे तरी वाचताना कळतं. खरा त्रास चिन्हांचा. "डॅश" म्हणजे एक की दोन? "डॉकर रन डॅश आयटी" मधला डॅश गळला तर डॉकर (तयार इमेजमधून प्रोग्राम चालवणारं साधन) "आयटी" नावाची इमेज शोधत बसतं. "पिप इन्स्टॉल डॅश आर रिक्वायरमेंट्स" मधला डॅश आर गेला की पिपला (पायथॉनची पॅकेजेस इन्स्टॉल करणाऱ्या साधनाला) वाटतं रिक्वायरमेंट्स हेच पॅकेजचं नाव. कॅपिटल-स्मॉल अक्षरं, अंडरस्कोअर, अवतरणचिन्ह एकेरी की दुहेरी, यातलं काहीच ऐकून कळत नाही, आणि पायथॉन असेल तर इंडेंटेशन (ओळीआधीची मोकळी जागा) तर पूर्णच गायब, म्हणजे रिटर्न लूपच्या आत होतं की बाहेर हे स्क्रीन बघितल्याशिवाय कोणी सांगूच शकत नाही.

पॅकेजच्या नावाबाबत मात्र मी जरा जास्तच कडक आहे. पिप आणि एनपीएम (जावास्क्रिप्टसाठीचं तसंच साधन) दोन्हीकडे ओळखीच्या पॅकेजच्या नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे करून घातक पॅकेज टाकणारे लोक असतात, त्यामुळे ऐकीव नाव सरळ इन्स्टॉल करायचं नाही, आधी अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये स्पेलिंग जुळवायचं. सुडो (ॲडमिनच्या अधिकाराने चालवणं) किंवा आरएम (फाइल डिलीट करणं) असलेली ओळही तशीच, प्रत्येक तुकडा काय करतो ते कळल्याशिवाय एंटर दाबू नका.

पुढचं म्हणजे तारीख. कमांड अगदी बरोबर उतरवली तरी व्हिडिओ जुना असेल तर चालेलच असं नाही. पायथॉन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला पण कंसाशिवाय प्रिंट लिहिणारे व्हिडिओ अजून सर्चमध्ये वर येतात. गिटहबने ऑक्टोबर २०२० पासून नवीन रिपॉझिटरीच्या (प्रोजेक्टच्या कोडच्या साठ्याच्या) मुख्य ब्रँचचं नाव मास्टरऐवजी मेन केलं, त्यामुळे जुन्या व्हिडिओतलं "गिट पुश ओरिजिन मास्टर" अडू शकतं आणि नवीन माणसाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. डॉकर कंपोझ ही कमांड आधी मध्ये डॅश घालून लिहायचे, आता मध्ये स्पेस असते. एरर आली की आधी अपलोडची तारीख बघा, मग स्वतःवर शंका घ्या.

ट्रान्सक्रिप्ट फाइल म्हणून हवी असेल तर वायटी-डीएलपी या डाउनलोड करायच्या साधनाने व्हिडिओ न घेता नुसते सबटायटल उतरवता येतात, फक्त ऑटो कॅप्शनच्या व्हीटीटी (सबटायटलची) फाइलमध्ये त्याच ओळी पुन्हा पुन्हा येतात, त्या आधी काढून टाका.

आता बरेच जण सगळं ट्रान्सक्रिप्ट एआयला देऊन "यातला कोड दे" म्हणतात. मीही देतो. पण तो गळलेल्या जागा मनानेच भरतो आणि इतक्या सफाईने भरतो की व्हिडिओतलं कुठलं आणि त्याचं कुठलं हे कळत नाही, कधी कधी तर शिकवणाऱ्याने वापरलेली पद्धतच बदलून टाकतो आणि मग पुढचा अर्धा व्हिडिओ जुळत नाही. म्हणून मी सांगतो की प्रत्येक ओळीपुढे वेळ लिही, आणि जे बोललं गेलेलं नाही, तू अंदाजाने टाकलंस, तिथे प्रश्नचिन्ह कर. मग फक्त प्रश्नचिन्हवाल्या ओळी आणि पॅकेजची नावं व्हिडिओत जाऊन बघतो, आणि कोड एकदम न चालवता शिकवणारा जिथे जिथे थांबून आउटपुट दाखवतो तिथपर्यंतचाच तुकडा चालवून आउटपुट जुळतंय का ते बघतो.