खो-खोच्या सामन्यात मुलांची मस्ती: या चुका टाळा

सात-आठ वर्षांच्या मुलांचा खो-खोचा सामना. एक जण चौरसात बसून मातीत हत्ती काढतोय. दुसरा शेजारच्याच्या कानात ‘खो’ म्हणून त्याला फसवतोय. पळणारी पोरगी खांब धरून गिरकी घेतेय आणि बाहेर बसलेल्या तिघांची कुस्ती जुंपलीय. सरांचा घसा बसलाय. यातली बरीचशी मस्ती मुलांच्या रिकामपणातून आणि अवघडलेल्या पायांतून येते. त्यामुळे आधी मांडणी तपासा, पोराकडे नंतर वळा.

मोठ्यांचं मैदान लहानांना लावणं

खुल्या गटाचं मैदान २७ बाय १६ मीटरचं आणि पाळी ९ मिनिटांची. आठ जण बसलेले, एक पाठलागावर, समोर तिघे संरक्षक. हेच माप दुसरी-तिसरीच्या मुलांना लावलं की एक धावतो आणि आठ जण उकिडवे बसून राहतात. मिनिटाभरात पोटऱ्या भरून येतात, मग मूल बूड टेकतं, मांडी घालतं, हाताला माती लागते आणि चित्रकला सुरू होते. याला आपण लक्ष नसणं म्हणतो. खरं तर पाय दुखलेले असतात.

सरावाच्या सामन्यात खांबांमधलं अंतर १५ मीटरच्या आसपास ठेवा, चौरस सहा करा आणि पाळी ३ मिनिटांची ठेवा. चौरसांची संख्या समच हवी. दोन पाळ्यांच्या मध्ये सगळ्यांना उभं करून पाय झटकायला लावा. आंतरशालेय स्पर्धेत नियम आयोजकांचे असतात, तिथे आपलं काही चालत नाही. पण सरावात मोठ्यांचा हट्ट कशासाठी?

दोघांतच फिरणारा खो

ही चूक सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पाठलाग करणारं मूल खो आपल्या दोस्तालाच देतं, दोस्त उठतो आणि खांबाला वळसा घालून पुन्हा यालाच खो देतो. दोघांचा खेळ रंगतो, बाकीचे कंटाळतात, आणि कंटाळलेल्या मुलाच्या हातात मातीचं ढेकूळ यायला वेळ लागत नाही. सरावापुरता एक नियम करा: ज्याने तुला खो दिला, त्याला लगेच परत द्यायचा नाही. एवढ्याने खो रांगभर फिरायला लागतो. ज्याला कधीही खो मिळू शकतो, तो मान वर करून बसतो.

जागा ठरवतानाही विचार करा. शेजारचे दोघे विरुद्ध बाजूंना तोंड करून बसतात, त्यामुळे कुजबुज आणि चिमटे तिथेच जास्त. जिवलग जोडीला किमान तीन चौरस लांब ठेवा.

खो कसा द्यायचा, हे न शिकवणं

‘पाठीला हात लाव आणि खो म्हण’ एवढ्यावर सोडलं की कुणी धपाटा घालतो, कुणी गुदगुल्या करतो, कुणी ढकलतो. बसलेला पुढे तोंडावर पडू शकतो. मैदानावर उतरण्याआधी हे जोडीजोडीने करून घ्या: मागून यायचं, उघडा तळवा खांद्याच्या पात्यावर टेकवायचा, ‘खो’ खणखणीत म्हणायचं, आणि जो उठला त्याच्या चौरसात त्याच दिशेला तोंड करून बसायचं. प्रत्येकी दहा वेळा. लहान मुलं हमखास आपल्या जुन्या चौरसाकडे परत धावतात किंवा उलट्या तोंडाने बसतात. त्यावर चौरसात दिशेचा बाण आखणं हा सोपा उपाय आहे.

कानात खोटा ‘खो’ म्हणणाऱ्याची गंमत वेगळी. बिचारा शेजारी उठतो, फाऊल होतो, आणि हसू येतं सगळ्यांना. तिथे आपणही हसलो की पुढच्या पाळीत असे चार जण तयार. चेहरा कोरा ठेवा आणि मुलांना पक्कं सांगा: पाठीला हात लागल्याशिवाय उठायचंच नाही. फसवणाऱ्याला गिऱ्हाईक मिळेनासं झालं की तो आपोआप थांबतो.

बाहेर बसलेल्यांना विसरणं

नऊ जणांच्या संघातले तीन संरक्षक आत, म्हणजे सहा जण बाहेर. खरा गोंधळ इथे होतो आणि आपली पाठ नेमकी तिकडे असते. तिसरा गडी बाद झाला की पुढच्या तुकडीला लगेच आत यावं लागतं. उशीर झाला तर गडी बाद धरले जातात. कुस्तीत गुंतलेल्या तिघांना शिट्टी ऐकूच येत नाही. म्हणून पुढची तुकडी प्रवेशाच्या जागी उभी आणि तिच्यानंतरची तिच्यामागे बसलेली, असं ठेवा. बसलेल्यांना काम द्या: एकाने खो मोजायचे, दुसऱ्याने बाद गडी मोजायचे, तिसऱ्याने वेळ बघायची. पाळी संपल्यावर आकडा त्यांनाच विचारा. विचारला नाहीत तर पुढच्या वेळी मोजणार कोण?

सगळ्या मस्तीला एकच मोजमाप

बाद झाल्यावर नाचत बाहेर जाणं, जीभ काढणं, गिरकी घेणं याने कुणाचं काही बिघडत नाही. दुर्लक्ष करा. खेळ अडवणारी मस्ती म्हणजे चौरस सोडणं, बसलेल्यांना मुद्दाम हात लावत पळणं. तिथे नाव घ्या, जवळ जा आणि काय करायचं ते एका वाक्यात सांगा: ‘चौरसात बस, खांबाकडे बघ.’ ‘मस्ती करू नको’ या वाक्यातून मुलाला काय करायचं ते कळत नाही. पुन्हा तेच झालं तर जागा बदला. तिसऱ्यांदा झालं तर दोन मिनिटं आपल्या शेजारी, मोजणीच्या कामावर, आणि मग परत आत. अख्खा सामना बाहेर बसवलेलं मूल बाहेरून जास्त उच्छाद मांडतं.

पाय आडवा घालणं, शर्ट ओढणं, डोळ्यांत माती उडवणं, खांबाला लोंबकळणं: इथे शिट्टी ताबडतोब. खांब साधारण १२० सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे या वयाच्या मुलाच्या तोंडाशीच येतो. सरावाला त्याला स्पंज गुंडाळा आणि तो हलत नाही ना, हे रोज बघा. आखणीची फक्की हे मुलांचं आणखी एक आवडतं खेळणं. चुन्याची फक्की वापरू नका, आणि उरलेली पिशवी मैदानाबाहेर ठेवा. डोळ्यांत चुना गेलाच तर चोळू न देता स्वच्छ पाण्याच्या धारेखाली निदान पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा आणि थेट डॉक्टरांकडे न्या.

शिक्षा म्हणून फेऱ्या आणि उठाबशा

ज्या खेळात धावायचं आणि उकिडवं बसायचं असतं, त्यात धावणं आणि उठबस हीच शिक्षा केली तर मुलाला त्याच दोन गोष्टी नकोशा होतात. शिवाय शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई आहे.

रेषेवरचे पालक

‘अगं, लक्ष कुठंय तुझं!’ ही हाक आली की मूल आईकडे बघतं आणि खो हुकतो. पालकांना एकाच बाजूला, रेषेपासून पाच मीटर मागे उभं करा. टाळ्या चालतील, सूचना नकोत. एखाद्याच्या नाचाचं मोबाईलवर शूटिंग सुरू झालं की तो नाच दर पाळीला होणार, हेही त्यांना आधीच सांगा.

इतकं करूनही एखादं मूल रोज उशिरा उठत असेल किंवा भलत्याच वेळी उठत असेल, तर त्याला मागून, ओठ दिसणार नाहीत असं, हळू आवाजात नावाने हाक मारून बघा. दोन-तीनदा मारूनही वळलं नाही, तर घरच्यांना कान तपासून घ्यायला सांगा.