कक्षेतल्या मायक्रोवेव्ह इमेजरचं कॅलिब्रेशन कसं बसवावं

मायक्रोवेव्ह इमेजरमधून नकाशा मिळतो, पण यंत्र मोजतं ते तेजस्विता-तापमान, म्हणजे येणाऱ्या मायक्रोवेव्हची तीव्रता तापमानाच्या भाषेत. पाऊस, बाष्प, समुद्रावरचा वारा हे सगळं त्याच आकड्यावरून काढायचं, म्हणून रचनेची सुरुवात कॅलिब्रेशनपासूनच करावी, म्हणजे ज्ञात तापमानांशी यंत्राचं वाचन जुळवण्यापासून.

आधी गणित. २०१४ मध्ये सोडलेल्या पाऊस मोजणाऱ्या जीपीएम उपग्रहावरच्या जीएमआय या मायक्रोवेव्ह इमेजरचा नमुना घ्या: १.२ मीटरचा परावर्तक, मिनिटाला ३२ फेरे. एका फेऱ्यात उपग्रह जमिनीवर साधारण १३.५ किमी पुढे जातो. वेग वाढवला तर ओळींमधली फट भरते, पण प्रत्येक ठिपक्याला वेळ कमी मिळून नॉइज वाढतो. नॉइजचा अंदाज असा: सिस्टिम तापमानाला (रिसीव्हरचा स्वतःचा आणि येणारा नॉइज मिळून, केल्व्हिनमध्ये) बँडविड्थ गुणिले वेळ यांच्या वर्गमूळाने भागा. ६०० केल्व्हिन, ५०० मेगाहर्ट्झ आणि ३.६ मिलिसेकंद धरले तर ०.४५ केल्व्हिन येतो.

हॉट लोड (ज्ञात तापमानाचा गरम शोषक) आणि अवकाशाकडे पाहणारा छोटा आरसा न फिरणाऱ्या दांड्यावर बसवा. फीड हॉर्न (परावर्तकाकडून येणारे किरण रिसीव्हरमध्ये घेणारे कर्णे) दर फेऱ्याला त्यांच्याखालून जातात आणि कॅलिब्रेशनचे दोन बिंदू मिळतात: सुमारे ३०० केल्व्हिन आणि २.७ केल्व्हिन.

चुका इथेच शिरतात. हॉट लोडवर शोषक लेपाचे सुळके असतात, तापमापक मात्र त्यांच्या बुडाशी. तिरपं ऊन आत शिरलं की टोकं तापतात, तापमापकाला ते कळतच नाही आणि दृश्याचं तापमान खरं त्याहून कमी निघतं. २००३ मध्ये सोडलेल्या एसएसएमआयएस या मायक्रोवेव्ह यंत्राला याचा फटका बसला. लोडभोवती आच्छादन घ्या आणि वर्षभरातले सगळे सूर्यकोन तपासा. कमी वारंवारतेच्या चॅनेलना नॉइज डायोडही (ज्ञात प्रमाणात नॉइज मिसळणारा भाग) जोडा. तिसरा-चौथा बिंदू मिळाला की रिसीव्हरची वक्रता पकडता येते.

मुख्य परावर्तकाची चूक अधिक फसवी, कारण कॅलिब्रेशनचे दोन्ही बिंदू त्याला वगळून येतात. टीआरएमएम या आधीच्या पर्जन्य-उपग्रहावरच्या टीएमआय इमेजरचा परावर्तक सुमारे ४ टक्के स्वतःच उत्सर्जन करत होता. परावर्तक २९० केल्व्हिन आणि समुद्र १५० असेल, तर चूक ५.६ केल्व्हिन! ॲल्युमिनियमच्या थरावर सिलिकॉन ऑक्साइडचा लेप द्या, नाहीतर कमी उंचीवरचा अणुरूप ऑक्सिजन तो थर खातो. परावर्तकाच्या पाठीला तापमापक लावा.

फिरणाऱ्या यंत्रणेची निर्वातात दीर्घ चाचणी टाळू नका. मेघा-ट्रॉपिक्स उपग्रहावरचं ‘मद्रास’ हे मायक्रोवेव्ह यंत्र २०१३ मध्ये तिच्याच बिघाडाने थांबलं.

कक्षेत गेल्यावर उपग्रह वळवून मुख्य परावर्तकाला मोकळं अवकाश दाखवा. वाचन २.७ केल्व्हिनच्या जितकं वर, त्यावरून परावर्तकाचं उत्सर्जन काढा आणि दुरुस्ती ठरवा.