कामाच्या ठिकाणी व्यायामाचा उपक्रम कसा उभारावा

कर्मचाऱ्यांच्या तंदुरुस्तीसाठी काही करायचे ठरले, की बहुतेक आस्थापना प्रथम जिमच्या सभासदत्वावर सवलत देतात. ही व्यवस्था सोपी असली तरी तिचा लाभ मुख्यतः आधीपासून व्यायाम करणाऱ्यांना मिळतो. ज्याला दोन जिने चढताना दम लागतो आणि कामावरून घरी गेल्यावर ज्याच्यापुढे घरकाम उभे असते, तो कर्मचारी त्या सवलतीकडे फिरकत नाही. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात सुमारे ५,००० कर्मचाऱ्यांचे सोडत पद्धतीने गट पाडून आरोग्य उपक्रमाची परीक्षा घेण्यात आली, तेव्हा हेच दिसून आले: उपक्रमात सामील होणारे लोक मुळातच अधिक निरोगी होते. म्हणून उपक्रम आखताना सर्वांत कमी हालचाल करणारी व्यक्ती डोळ्यांसमोर ठेवावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

आखणीपूर्वी कामाचा दिवस समजून घ्यावा. कोण सलग किती वेळ बसतो, कोण दिवसभर उभा असतो, कोणाला ओझे उचलावे लागते, कोणाला रात्रपाळी असते आणि कोणत्या वेळी काम थोडे सैल पडते, याची माहिती नाव न विचारता भरून घेतलेल्या छोट्या प्रश्नावलीतून मिळते. बैठे काम करणाऱ्यांना हालचालीची गरज असते. ओझी उचलणाऱ्यांना मात्र विश्रांती, उचलण्याची योग्य पद्धत आणि पाठ व पोटाच्या स्नायूंना बळ देणारे व्यायाम अधिक उपयोगी पडतात. दिवसभराचे कष्ट म्हणजे व्यायामच, असे समजून या दुसऱ्या गटाला वगळले जाते, आणि ते अन्यायाचे आहे.

यानंतरचा निर्णय सर्वांत महत्त्वाचा आणि व्यवस्थापनाला सर्वांत जड जाणारा असतो: व्यायामाला कामाच्या वेळेतून वेळ द्यायचा की नाही. माझ्या मते तो द्यायलाच हवा. कामानंतर ठेवलेल्या वर्गाला लहान मुलांचे पालक आणि लांबून प्रवास करणारे येऊ शकत नाहीत, आणि जेवणाच्या सुट्टीत ठेवलेला वर्ग लोकांची विश्रांतीच हिरावून घेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाची किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस शारीरिक हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. हालचाल एका वेळी किमान दहा मिनिटे सलग असावी, ही जुनी अट या सूचनांत राहिलेली नाही, आणि कामाच्या ठिकाणासाठी हा बदल फार मोलाचा आहे. रोज कामाच्या वेळेतील वीस मिनिटे, दोन भागांत विभागून दिली, तरी पाच दिवसांत १०० मिनिटे होतात. उरलेला भाग चालत येण्याजाण्याने किंवा सुट्टीच्या दिवशी भरून काढता येतो.

या वीस मिनिटांत काय करावे, हे ठरवणे त्या मानाने सोपे आहे. भरभर चालणे, जिने चढणे, खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे आणि रबरी पट्टा ओढणे, एवढ्यावर उत्तम सुरुवात होते, आणि त्यासाठी कपडे बदलावे लागत नाहीत. प्रत्येक व्यायामाचा सोपा आणि बसून करता येण्याजोगा प्रकार आधीच ठरवून ठेवावा. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, एवढा जोर मध्यम समजावा.

सुरुवातीला प्रत्येकाने आरोग्याविषयीची छोटी प्रश्नावली स्वतःपुरती भरून पाहावी. छातीत दुखणे, चक्कर येणे, अनियंत्रित रक्तदाब, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ही उत्तरे, वजन किंवा रक्त तपासणीचे अहवाल यांपैकी काहीही वरिष्ठांच्या हाती जाता कामा नये. वजन घटवण्याच्या जाहीर स्पर्धा आणि पावलांच्या क्रमवारीचे फलक मी टाळावेत असे म्हणेन, कारण ज्यांना उपक्रमाची सर्वाधिक गरज असते तेच अशा फलकांवर तळाशी दिसतात आणि मग येणे थांबवतात. सहभाग पूर्णपणे ऐच्छिक असावा. त्याच वेळी, गटप्रमुखाने त्या वीस मिनिटांत बैठक लावू नये हा नियम मात्र सक्तीचा असावा. गटप्रमुख स्वतः उठून आला, तर इतरांना उठायला संकोच वाटत नाही.

लाभ सांगताना संयम बाळगावा. १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस यांच्या अभ्यासात लंडनच्या दुमजली बसगाड्यांमध्ये दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना, बसून गाडी चालवणाऱ्या चालकांपेक्षा हृदयविकार कमी आढळला. मॉरिस यांनीच पुढे गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालक कामाला लागतानाच अधिक स्थूल असत, हेही समोर आले. म्हणजे इलिनॉयप्रमाणेच, मुळात कोण कोणत्या गटात येतो यातूनच पडणारा फरक तेव्हाही होताच. तरीही नियमित हालचालीने हृदयविकार, टाइप २ मधुमेह आणि नैराश्याचा धोका कमी होतो, झोप सुधारते आणि व्यायामामुळे जुनाट कंबरदुखी व मानदुखीत आराम पडतो, याला आता भक्कम आधार आहे, आणि कर्मचाऱ्याचा हा लाभ कोणी नाकारू शकत नाही.

मालकाच्या बाजूने हिशेब अधिक सावधपणे मांडावा लागतो. अमेरिकेतील एका मोठ्या विक्रीसाखळीच्या १६० ठिकाणी, सुमारे ३३,००० कर्मचाऱ्यांमध्ये सोडत पद्धतीने झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अठरा महिन्यांनंतर नियमित व्यायाम करत असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण वाढले होते; पण रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वैद्यकीय खर्च आणि गैरहजेरी यांत लक्षणीय फरक पडला नव्हता. म्हणून वर्षभरात वैद्यकीय खर्च घटेल असे आश्वासन संचालकांना देऊ नये. दुखऱ्या पाठीने आणि मरगळीने कामावर येऊन बसलेल्या माणसाचे जे काम रेंगाळते, ते हजेरीपटात दिसत नाही, आणि उपक्रमाकडून पहिली अपेक्षा याच बाबतीत ठेवणे योग्य ठरते.

मोजणीही त्यानुसार करावी. सुरुवातीला आणि दर सहा महिन्यांनी नाव न घेता तीन गोष्टी विचाराव्यात: आठवड्यातील हालचालीची मिनिटे, दुखण्यामुळे कामात येणारा अडथळा आणि दिवसअखेरीचा थकवा. एकूण उपस्थितीच्या आकड्यावर समाधान मानू नये. पूर्वी अजिबात व्यायाम न करणाऱ्यांपैकी किती जण टिकले, हा आकडा वेगळा काढावा, आणि तो घसरत असेल तर नवी साधने विकत घेण्याआधी, त्या वीस मिनिटांत लोकांना जागेवरून खरोखर उठता येते का, हे प्रत्येक विभागात जाऊन पाहावे.