जुन्या कॉम्प्युटरवर पहिला व्हर्च्युअल सर्व्हर कसा उभा करावा

२०१९च्या पावसाळ्यात इचलकरंजीजवळच्या एका कारखान्यातून सकाळी साडेसातला फोन आला. हिशेबाचा सर्व्हर उठत नव्हता. जाऊन कॅबिनेट उघडलं, वीज दिली, तर हार्डडिस्कमधून टक... टक... आवाज. त्या मशीनवरचं व्हर्च्युअल मशीन मीच उभं केलं होतं आणि दर शुक्रवारी न चुकता त्याचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या स्थितीची नोंद, घेत होतो. सगळे स्नॅपशॉट त्याच डिस्कवर होते. मार्चअखेरची एक प्रत पेनड्राइव्हवर सापडली. पुढच्या साडेतीन महिन्यांची बिलं हिशेब विभागातल्या दोघीजणींनी कागदावरून पुन्हा भरली. म्हणून हा लेख मशीन उभं करण्यापाशी थांबत नाही, ते परत आणून दाखवण्यापर्यंत जातो.

एका खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात अनेक कॉम्प्युटर चालवणं म्हणजे व्हर्च्युअलायझेशन. प्रत्येकाला वाटतं, आपलीच रॅम, आपलीच डिस्क. कल्पना जुनी आहे. आयबीएमच्या मोठ्या मशीनवर १९७२ मध्येच व्हीएम/३७० आलं होतं. आपण वापरणार आहोत प्रॉक्समॉक्स. व्हिएन्नातल्या कंपनीचं हे मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर २००८ मध्ये आलं. ते डेबियन लिनक्सवर उभं आहे आणि त्याचं इंजिन म्हणजे केव्हीएम, जे २००७ पासून लिनक्सच्या कर्नेलचा, म्हणजे गाभ्याचाच, भाग आहे. याच कामाचं सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर ही कंपनी ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतल्यावर परवान्यांचे नियम बदलले, तेव्हा छोट्या ऑफिसांचे सर्व्हर सांभाळणारे बरेच जण इकडे वळले. मीही त्यांतलाच.

मशीन तपासा

अडगळीतला डेस्कटॉप चालेल, पण तो ६४ बिटचा हवा आणि प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोय हवी. इंटेलमध्ये तिला व्हीटी-एक्स म्हणतात, एएमडीच्या बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) ती बहुधा एसव्हीएम नावाने दिसते. पुष्कळदा ही सोय असते पण बंद ठेवलेली असते, म्हणून आधी बायोसमध्ये जाऊन ती चालू करा. रॅम किमान ८ जीबी असू द्या. प्रोसेसर चार मशीनमध्ये वाटला तरी निभावतं, कारण सगळ्यांना तो एकाच क्षणी लागत नाही. रॅमचं तसं नाही, ती दिली की गेली. २ जीबी प्रॉक्समॉक्ससाठी बाजूला काढा आणि उरलेल्यात संसार करा.

नेटवर्कला वायरच लावा. वायफायवर व्हर्च्युअल मशीनला बाहेरच्या नेटवर्कशी जोडणारा पूल (ब्रिज) नीट बांधता येत नाही, त्यात वेळ घालवू नका.

इन्स्टॉल करा

प्रॉक्समॉक्सच्या संकेतस्थळावरून आयएसओ (इन्स्टॉल करण्याच्या डिस्कची पूर्ण प्रत असलेली) फाइल उतरवून पेनड्राइव्हवर लिहा. त्यासाठी रूफस हे विंडोजवरचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात डीडी मोड निवडा, नाहीतर पेनड्राइव्ह बूट होणार नाही. आता सगळ्यात महत्त्वाची सूचना: इन्स्टॉलर निवडलेली डिस्क संपूर्ण पुसतो. जुने फोटो, कागदपत्रं आधी काढून घ्या आणि दुसरी डिस्क जोडलेली असेल तर तिची केबल तात्पुरती सोडवून ठेवा.

पुढे तो देश, पासवर्ड, ईमेल आणि आयपी पत्ता विचारतो. राउटर जे पत्ते आपोआप वाटतो त्यांच्या बाहेरचा पत्ता द्या. राउटर १०० पासून २०० पर्यंतचे वाटत असेल, तर शेवटचा आकडा ५० ठेवा आणि मशीनवर पट्टी चिकटवून लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तो पत्ता कुणालाच आठवत नाही.

मशीन पुन्हा सुरू झालं की त्याच्या स्क्रीनवर फक्त काळा पडदा आणि लॉगिन दिसेल. घाबरू नका. मॉनिटर, कीबोर्डचं काम संपलं. घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये एचटीटीपीएस लावून तो आयपी पत्ता, मग कोलन आणि ८००६ टाका. प्रमाणपत्राबद्दल ब्राउझर कुरकुर करेल. आपल्याच घरातलं मशीन आहे, पुढे जा. नाव रूट, पासवर्ड तुम्ही दिलेला. सबस्क्रिप्शन नसल्याची सूचना दर वेळी येते, ती बंद करून काम करता येतं. अपडेट मिळण्यासाठी मात्र रिपॉझिटरीच्या (अपडेट जिथून येतात त्या ठिकाणांच्या) यादीत एंटरप्राइझ बंद करून नो-सबस्क्रिप्शन जोडा.

पहिलं मशीन

सुरुवात डेबियन किंवा उबुंटू सर्व्हरने करा. त्याची आयएसओ 'लोकल' स्टोरेजमध्ये अपलोड करा आणि 'क्रिएट व्हीएम' दाबा. पहिल्या मशीनला १०० हा क्रमांक मिळेल. दोन कोअर, २ जीबी रॅम, ३२ जीबी डिस्क पुरे. डिस्क आणि नेटवर्क दोन्हींना व्हर्टआयओ निवडा. अतिथी मशीनला, म्हणजे आतल्या मशीनला, आपण व्हर्च्युअल असल्याचं त्यातून कळतं आणि वेग चांगला मिळतो. पुढे कधी विंडोज टाकाल तेव्हा इन्स्टॉल करताना त्याला डिस्कच दिसणार नाही. व्हर्टआयओ ड्रायव्हरची वेगळी आयएसओ जोडून तिथेच ड्रायव्हर दिला की दिसते. या एका पायरीवर मी अनेकांना अडलेलं पाहिलं आहे.

डिस्क ३२ जीबी लिहिली तरी सुरुवातीला तेवढी जागा खर्च होत नाही, वापराल तशी वाढते. ही सोय छान आहे, पण तिच्यामुळेच माणूस प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा जास्त जागा वाटून बसतो. मूळ साठा पूर्ण भरला की सगळी मशीन एकदम अडकतात. ८० टक्क्यांवर गेला की हात आवरा.

लाइट येते-जाते तिथे मशीनच्या ऑप्शन्समध्ये 'स्टार्ट ॲट बूट' चालू करा. नाहीतर मध्यरात्री वीज परत येते, सर्व्हर उठतो आणि आतली मशीन सकाळपर्यंत झोपलेली राहतात.

बॅकअप, आणि तो खरा आहे का

अपडेट करण्याआधी स्नॅपशॉट जरूर घ्या. काही बिघडलं तर दोन मिनिटांत मागे जाता येतं. त्याचा उपयोग तेवढाच. तो मूळ डिस्कवरच राहतो, डिस्क गेली की तोही जातो.

बॅकअपसाठी दुसरं ठिकाण हवं: बाहेरची यूएसबी डिस्क किंवा नेटवर्कवरचं दुसरं मशीन. 'डेटासेंटर'मध्ये ते स्टोरेज म्हणून जोडा, मग बॅकअपच्या पानावर रोज रात्री दोनची वेळ लावा आणि किती प्रती ठेवायच्या ते ठरवा. मी सात रोजच्या आणि चार आठवड्यांच्या ठेवतो. आठवड्याची एक प्रत त्या इमारतीबाहेर नेतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी यादीत हिरवी खूण दिसेल. तिच्यावर विसंबू नका. बॅकअप निवडा, 'रिस्टोअर' दाबा, नवा क्रमांक द्या, समजा ९०१, आणि 'युनिक' वर खूण करा म्हणजे नेटवर्क कार्डाचा पत्ता वेगळा होईल. सुरू करण्याआधी हार्डवेअरमध्ये जाऊन नेटवर्क 'डिस्कनेक्ट' करा. हे विसरलात तर एकाच आयपीची दोन मशीन भांडू लागतील आणि चालू कामात लोक अडकतील.

मग ९०१ सुरू करा, कन्सोल उघडा, लॉगिन करा. लॉगिन झालं म्हणजे झालं असं नाही. कालची शेवटची फाइल उघडून पाहा. हिशेबाचं मशीन असेल तर जो माणूस नोंदी करतो त्यालाच शेजारी बसवा आणि त्याने काल संध्याकाळी टाकलेलं शेवटचं बिल त्यालाच शोधू द्या. रिस्टोअरला किती मिनिटं लागली ते वहीत लिहा, ९०१ पुसून टाका, आणि पुढच्या महिन्याची तारीख कॅलेंडरवर टाका.

त्या कारखान्यात आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी हे होतं. नोंद कारखान्यातल्याच वहीत असते, बिलाचा क्रमांक त्या दोघींपैकी एकीच्या अक्षरात.