डॅशकॅम काचेवर नेमका कुठे लावायचा

डॅशकॅम म्हणजे समोरचा रस्ता रेकॉर्ड करणारा गाडीतला कॅमेरा. तो घेताना सगळे व्हिडिओची क्वालिटी फोरके का टूके हेच बघत बसतात, पण भलत्या जागी लावलेला महागडा कॅमेरा अपघाताच्या वेळी काही कामाचा नाही. चांगली जागा म्हणजे आतल्या आरशाच्या मागे, थोडी डावीकडे, म्हणजे आपण स्टिअरिंगवर बसलो की कॅमेरा नजरेत येत नाही. तिथे रेन सेन्सर किंवा अडासचा (ड्रायव्हरला मदत करणाऱ्या गाडीच्या सिस्टिमचा) कॅमेरा असेल तर तो झाकू नका, जरा बाजूला सरका.

चिकटवायच्या आधी वायपर फिरवून बघा, पातं जिथवर जातं त्याच्या आतच लेन्स यायला पाहिजे. उन्हाळ्यात हे लक्षात येत नाही हो, पण पावसाळ्यात चाळीसगावहून कन्नड घाट चढायला लागलात की वायपर न पोचणाऱ्या काचेतून नुसते थेंबच रेकॉर्ड होतात. काचेच्या कडेची काळ्या ठिपक्यांची पट्टीही सोडा, तिथे टेप नीट धरत नाही.

आता आपल्याकडचं ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास असतो अन् उन्हात उभी केलेली बंद गाडी आतून त्याहून कितीतरी तापते, त्यामुळे व्हॅक्यूम कपवाला स्टँड दुपारी सुटून पडतो अन् बॅटरीवाल्या कॅमेऱ्याची बॅटरी फुगते. म्हणून बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर (उष्णता सोसणारा, वीज साठवणारा भाग) असलेला कॅमेरा अन् दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या डबल टेपचा माउंटच घ्या. सकाळी गाडी सावलीत असताना काच स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग माउंट अर्धा मिनिट घट्ट दाबून धरा, अन् जमलं तर कॅमेरा दुसऱ्या दिवशीच अडकवा.

अँगल मोबाईलवर लाइव्ह बघत सेट करा. क्षितिज फ्रेमच्या मधोमध अन् खाली बॉनेटची जराशी कड, एवढंच. आभाळ जास्त आलं तर रस्ता काळा पडतो. डॅशबोर्डवरचा पांढरा टॉवेल, चकचकीत फोटोफ्रेम काढून टाका, त्यांचं प्रतिबिंब काचेवर पडून थेट व्हिडिओत येतं, आरशाला लटकवलेली माळही तशीच मधे मधे डोलत राहते.

वायर छताच्या कडेत दाबत डाव्या पिलरवरून (काचेच्या बाजूच्या खांबावरून) खाली आणून ग्लोव्हबॉक्सखालून सॉकेटला न्यायची. पण पिलरवर एअरबॅग लिहिलेलं असेल तर स्वतः खोलू नका! वायर एअरबॅगच्या मागून गेली पाहिजे, पुढून गेली तर एअरबॅग उघडताना अडथळा होतो, हे काम ओळखीच्या कार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.