मार खाल्लेलं नाणं म्हणजे एरर नव्हे: या चुका टाळा

एरर म्हणजे नाणं पाडतानाच झालेली चूक, जिच्यासाठी संग्राहक जादा पैसे मोजतात; ती होते टांकसाळीतच. नाणं तिथून बाहेर पडल्यावर त्याचं जे काही होईल ते नुकसान, मग ते कितीही अजब दिसो. नवे संग्राहक इथेच फसतात, कारण नाणं नीट बघायच्या आधीच त्यांना भाव हवा असतो.

सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते ‘लखी’मध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच छाप, एकीकडे उठावाचा आणि दुसरीकडे उलटा खोल, असलेल्या नाण्यात. चोर बाजारात एका शुक्रवारी डोंबिवलीचा एक कॉलेजचा मुलगा भेटला. पाच रुपयांचं जुनं जाड नाणं त्याने चार हजारांना घेतलं होतं. सिंहांच्या बाजूवर खोलगट उलटा ५ उमटलेला. “काका, लखी आहे ना?” मी भिंग त्याच्या हातात दिलं. “सिंह दिसतायत का बघ.” दिसत होते, चपटे झालेले, पण होते.

तिथेच निकाल लागला. आधीचं नाणं साच्याला चिकटून राहतं आणि पुढची कोरी चकती त्याच्यावर दाबली जाते, तेव्हा खरी लखी होते. म्हणून एका बाजूला उठावाचा ५ असेल, तर दुसऱ्या बाजूला तोच ५, उलटा आणि खोल. सिंहांचा साचा त्या चकतीपर्यंत पोचतच नाही, मग सिंह येणार कुठून? या मुलाच्या नाण्यावर कुणीतरी दुसरं नाणं ठेवून दोन्ही व्हाइसमध्ये आवळली होती. मागची बाजूही दबलेली होती. विकणारा अर्थातच पुढच्या शुक्रवारी तिथे नव्हता.

दुसरी चूक कापलेल्या कडेची. पत्र्यातून चकत्या पाडताना आधीच्या भोकावर पंच पडला, तर चकतीला अर्धगोल चावा बसतो. अशा नाण्यात मी चावा नंतर बघतो, आधी त्याच्या बरोबर समोरची कड बघतो. कड उठवताना चाव्याच्या बाजूने दाब मिळत नाही, म्हणून समोरची कड बहुधा पुसट राहते. चाव्याजवळची अक्षरंही ओढल्यासारखी, विरत गेलेली दिसतात. कानशीने कापलेल्या नाण्यात समोरची कड ठणठणीत असते आणि अक्षरं मध्येच तुटतात. वजन दोन्हींत कमीच भरणार, त्यामुळे नुसत्या काट्यावर विसंबू नका.

दहाच्या नाण्याचा मधला भाग फिरलेला किंवा सुटलेला दिसला, तर सांध्यावर हत्याराचे ओरखडे शोधा. बहुतेकदा सापडतातच.

वसईच्या खाडीत गाडीतून टाकलेली नाणी परत बाजारात येतात: काळी, खड्डे पडलेली, झिजून हलकी झालेली. त्यांना ‘वेगळ्या धातूचं’ म्हणून विकतात. घेऊ नका.

साचा फिरलाय का, म्हणजे एक बाजू दुसरीच्या मानाने तिरकी छापली गेलीय का, हे बघायचं तर नाणं पुस्तकाच्या पानासारखं उलटा. आपल्या चालू नाण्यांची दुसरी बाजू सरळच यायला हवी. दोन-चार अंशांच्या कलाला कुणी पैसे देत नाही.

चिंच-लिंबाने घासणं तर ताबडतोब बंद करा. ज्या खुणांवरून खरं-खोटं ठरतं त्याच पुसल्या जातात.

आणि मोबाइलवर फोटो टाकून “किती लाख मिळतील?” विचारणाऱ्यांसाठी: रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात ती पडत नाही आणि त्यासाठी कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही. तिच्या नावाने कुणी पैसे मागितले तर फोन ठेवून द्या.